माझी खडखड कुणी बंद केली?

मी एक जुना टेबल फॅन आहे, मित्रांनो, आणि सध्या मी भयंकर चिडलेलो आहे. त्यामुळे जन्माची कहाणी थोडक्यात आटोपतो. कारखान्यात घडलो, दुकानात धूळ खाल्ली आणि मग एका संस्थेत आलो. घरात मारहाण आणि छळ सोसणाऱ्या बायका तिथे मदत मागायला येतात.

त्यांचं ऐकून घेणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. ताईंची खोली म्हणजे नावालाच खोली. हॉलच्या कोपऱ्यात प्लायवूडची भिंत, तीही छतापर्यंत न पोचणारी. आत कुणी हुंदका दिला तरी बाहेर बाकावर ऐकू जायचा. म्हणून ताई मला त्या भिंतीला खेटून ठेवायच्या आणि ऐन थंडीतही सुरू करायच्या. मी असा काही खडखडायचो की बाहेरच्याला आतलं एक अक्षर कळायचं नाही. वारा काय हो, कुणीही देतं! माझं खरं काम ते होतं.

ताई ऐकायच्या कशा, तेही सांगतो. मध्येच तोंड घालायच्या नाहीत. 'आधी का नाही बोललीस?' असं तर चुकूनही विचारायच्या नाहीत. एवढंच म्हणायच्या, "माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी काही चूक नाही. पुढे काय करायचं ते तू ठरव, मी सोबत आहे." शेवटची बाई गेली की मात्र त्या माझ्यासमोर डोळे मिटून बसून राहायच्या. जेवणाचा डबा तसाच बंद असायचा.

एकदा ताई कामासाठी बाहेरगावी गेल्या होत्या. संस्थेचे साहेब पाहुण्यांना ऑफिस दाखवत होते, तेव्हा माझा आवाज त्यांना खुपला. लगेच वायरमनला बोलावलं. त्याने बुश बदलला, तेल घातलं, जाळी आवळली. "बघा, आता कसा गुणी बाळासारखा चालतो!" साहेब म्हणाले, आणि सगळ्यांनी माझं कौतुक केलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला! भिंत पुरी करायची सोडून माझंच तोंड बंद केलं, याला काय म्हणावं?

दुसऱ्या दिवशी शिवणकाम करणारी एक तरुण बाई आली. नवरा तिला मारायचा. पाळत ठेवायला आलेला दीर बाहेर बाकावर बसला. ताई प्रवासातून थेट कामावर आल्या होत्या आणि सकाळपासून ऐकून ऐकून पार गळून गेल्या होत्या. त्यांनी रजा मागितली होती, पण "तुम्ही तर खंबीर आहात" म्हणून साहेबांनी ती टाळली. सवयीने त्यांनी माझं बटण दाबलं. मी आवाज न करता फिरतोय, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

"ताई, शनिवारी घरात कुणी नसतं," ती सांगू लागली. "शिलाई मशीन घेऊन मी बहिणीकडे निघून जाते."

दिराने धाडकन दार उघडलं. "वहिनी, चला घरी! शनिवारचा बेत दादालाच सांगा."

ती पांढरीफटक पडली. ताई मध्ये उभ्या राहिल्या. "तिला यायचं नसेल तर ती येणार नाही. तुम्ही निघा इथून!" तो आरडाओरडा करून गेला. कुठे जायचंय ते ताईंनी तिला विचारलं, आणि तिने सांगितल्यावर लगेच बहिणीकडे पोचवलं. ती सुखरूप सुटली, पण तिच्या पोटापाण्याचं मशीन त्या घरातच अडकलं.

साहेब उलट ताईंवरच उखडले. "तुमचं लक्ष कुठे होतं?"

"माझ्यात त्राणच उरलं नव्हतं, सर. दिवसभर सगळ्यांचं ऐकते. माझं ऐकायला इथे कोण आहे?"

"अहो, मग आधी का नाही बोललात?"

ताईंचे डोळे भरून आले. "सर, हा प्रश्न आपण इथे येणाऱ्या एकाही बाईला विचारत नाही."

साहेबांनी खुर्ची ओढली. "चुकलं माझं. बोला, मी ऐकतोय."

आता भिंत छतापर्यंत गेली आहे आणि ताईंना हक्काची रजा मिळते. पण यासाठी एका बाईच्या हातचं काम जावं लागलं, याचा संताप मला अजून आवरत नाही. मित्रांनो, कुणी धीर करून तुम्हाला मनातलं सांगितलं, तर त्याची उलटतपासणी घेऊ नका, विश्वास ठेवा. आणि सगळ्यांचं ऐकणारं कुणी तुमच्या घरात असेल, तर आज त्याला जेवलास का ते विचारा, आणि मग गप्प बसून त्याचं ऐका.