सिरप जरा जास्त

नर्सने वर्नाच्या दंडाला रबरी पट्टा आवळला आणि ती शीर चाचपू लागली. ट्रेमध्ये तीन रिकाम्या नळ्या उभ्या होत्या: एक आत्ताची, एक इंजेक्शननंतर अर्ध्या तासाची, एक तासाभराची. दम्यासाठी वर्षानुवर्षं घेतलेल्या स्टेरॉइडमुळे मेंदूतली ग्रंथी सुस्तावली असावी, तिची हाक येत नाही म्हणून मूत्रपिंडांवरच्या ग्रंथीही झोपल्या असाव्यात, असा डॉक्टरांचा कयास होता. आज इंजेक्शनने तीच हाक मारायची आणि त्या उठतात का ते बघायचं.

वर्नाला मनापासून वाटत होतं, उठू नयेत. उठल्या तर दुखणंच नाही असं ठरणार, आणि थोरली बहीण आर्डिस आठ महिने ‘सोंग आहे’ म्हणत होती तेच खरं होणार. वडील गेल्यापासून नॉर्थ डकोटातलं शेत आर्डिसने एकटीने ओढलं होतं. दिवसाउजेडी पडून राहणारं माणूस तिला बघवत नसे. ‘राणीसरकार उठल्या का?’ हा रोजचा टोमणा आजही मारूनच तिने ओट्सची पेज पुढे ठेवली होती. एरवी पेजेत मेपलचं गोड सिरप थेंब मोजून घालणाऱ्या बाईचा हात आज भलताच सैल सुटला होता.

"डॉक्टरांनी तात्पुरती दिलेली गोळी काल दुपारपासून बंद आहे ना?" नर्सने विचारलं. "ती पोटात असेल तर रक्तातला आकडा खोटाच चांगला येतो, ग्रंथी झोपलेल्या असल्या तरी."

"बंद आहे," वर्ना म्हणाली.

दाराशी कोट मांडीवर घेऊन बसलेली आर्डिस उभी राहिली.

"नाही. आज मी पेजेत कुटून घातली."

नर्सचा हात थांबला.

"सकाळी ही पलंगाच्या कडेला बसली होती. मोज्यापर्यंत हात पोचेना." आर्डिस फरशीकडे बघत होती. "सोंग नव्हतं हो ते."

नर्सने पट्टा सोडला आणि पुढच्या गुरुवारची वेळ लिहून दिली. वर्नाला खरं तर राग यायला हवा होता. तिचे डोळे भरून आले.

गाडीकडे जाताना आर्डिसने न विचारता तिची पर्स आपल्या खांद्याला अडकवली.

"गुरुवारी पेज तुझी तूच कर बाई," ती म्हणाली.

"तूच कर," वर्ना म्हणाली. "गोळी नको. सिरप मात्र आजच्याएवढंच घाल."