मूक वाचन

"मागे लिहिलंय सगळं. वाच की," मी हळू आवाजात म्हटलं.

पाणी प्यायला जाऊ का, हे विचारायला पहिल्या बाकावरची मुलगी टेबलापाशी आली होती आणि मला कार्ड झाकायला उशीर झाला होता. कार्डावर लांब चोचीचा, निळ्या पाठीचा पक्षी होता. तो कुठला, असं तिने विचारलं म्हणून मी कार्ड तिच्या हातात दिलं. तिने ते उलटलं. मागे बारीक अक्षरात सहा ओळी होत्या. तिची नजर डावीकडून उजवीकडे गेली, पुन्हा डावीकडे आली, अशी बरोबर सहा वेळा. मग तिने कार्ड परत दिलं.

"छान आहे."

"कुठला पक्षी मग?"

"निळा."

"अगं, नाव काय लिहिलंय?"

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मागे वर्गाकडे. "बाई, जाऊ ना पाणी प्यायला?"

ती गेली. माझ्यासमोर तिसरीची बेचाळीस डोकी पुस्तकांवर वाकलेली होती.

शनिवारचा शेवटचा तास मूक वाचनाचा. तो मीच सुरू केला होता. मुलांना वाचनाची गोडी लागावी म्हणून, असं मी मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच खरं होतं. चहाच्या पुड्यांतून निघणारी पक्ष्यांची कार्डं मी दहा वर्षांची असल्यापासून जमवत होते. पूर्ण संच बहात्तर कार्डांचा. माझ्याकडे एकसष्ट होती. लग्नानंतर ती लावायला वेळच मिळत नसे. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, नवरा पाळीच्या कामावर, दोन मुलं, आणि घरी मी कार्डांचा डबा उघडला की सगळ्या घराला एकदम तहान लागायची. आठवड्यातली पस्तीस मिनिटं काय ती माझी होती. हजेरीपट टेबलावर उभा करायचा आणि त्याच्या आडोशाला कार्डं मांडायची. कुठली दोनदा आलीत, कुठली कोणाशी बदलून घ्यायची, याच्या खुणा करायच्या.

वर्ग इतका शांत असायचा की मोठ्या बाईंनी एकदा दारात थांबून इतर शिक्षिकांना दाखवला. "टाचणी पडली तरी ऐकू येईल," त्या म्हणाल्या होत्या. मी नम्रपणे हसले होते.

शाळा सुटल्यावर मी त्या मुलीला थांबवून घेतलं. वर्गात सगळे तिला मुंगी म्हणत. चणीने लहान, रांगेत पहिली, कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात. पहिल्या सत्रात तिने अख्खा धडा न अडखळता वाचला होता आणि मी तिला 'अ' श्रेणी दिली होती.

पाटीवर मी लिहिलं : कपाट.

"वाच."

"क," ती म्हणाली. मग अंदाजाने, "कमळ?"

तिला चौदा अक्षरं येत होती. मी एकेक विचारून मोजली. मार्च उजाडायला आला होता.

"मग तो धडा कसा वाचलास गं?"

"ताई घरी मोठ्याने वाचते ना. मला सगळे पाठ आहेत. चित्र बघितलं की कळतं कुठला ते."

"आणि शनिवारी?"

"शेजारचा पान उलटतो ना, मग मी उलटते." एखाद्या कारागिराने आपल्या कामातली खुबी सांगावी तशी ती सांगत होती. "लगेच नाही उलटायचं. थोडं थांबून."

"मला का नाही सांगितलंस?"

तिला प्रश्नच कळला नाही. मग टेबलाजवळ सरकली आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "तुम्हाला पण येत नाही ना, बाई."

"काय येत नाही?"

"वाचायला. आम्ही वाचतो तेव्हा तुम्ही पण चित्रंच बघता, पटाच्या मागे. मला पहिल्या बाकावरून दिसतं." आणि माझा चेहरा पाहून घाईघाईने, "मी कोणालाच नाही सांगितलं. आईशप्पथ."

इथे हसू यायला हवं होतं. मला आलं नाही. त्या क्षणी मी काय केलं ते सांगते : मी दाराकडे पाहिलं. बाहेर कोणी ऐकलं तर नाही ना, एवढंच मला पाहायचं होतं. समोर आठ वर्षांची मुलगी वर्षभर माझं गुपित म्हणून जे जपत आली होती, ते ऐकून मला पहिली काळजी वाटली ती माझी.

आणि एवढ्यावरच थांबले नाही. रविवारभर कपडे धुताना, सासूबाईंची कूस बदलताना मी हिशेब मांडत होते. परीक्षेला सहा आठवडे राहिले आहेत. ती पाठ म्हणून पास होईल. चौथीला दुसऱ्या बाई आहेत. त्यांच्या लक्षात आलं तर म्हणता येईल, सुट्टीत विसरली असेल, मुलं विसरतातच.

"शाळेत काही झालं का?" नवऱ्याने विचारलं.

"कुठे काय?"

"नाही, मघापासून तीच बादली घासतेयस."

सोमवारी मी तिला प्रार्थनेच्या अर्धा तास आधी यायला सांगितलं.

सहा आठवडे शिकवलं. सकाळी अर्धा तास, मधल्या सुट्टीत दहा मिनिटं, आणि शनिवारी मुलं वाचत असताना तिला शेजारी बसवून. ज्या मला पत्र टाकायला फुरसत नव्हती, तिला एवढा वेळ सापडला. तो आधीही होताच, हे मला रोज कळत होतं. पुस्तक मी बाजूलाच ठेवलं, कारण चित्र दिसलं की ती घडाघडा म्हणू लागे. कुठल्याच पुस्तकात नसलेली वाक्यं मी पाटीवर लिहायची. 'तुझ्या दप्तराचा पट्टा तुटला.' ती बोटाने एकेक अक्षर धरून वाचायची आणि शेवटी पट्ट्याकडे पाहायची. "हो की," म्हणायची.

एकदा तिने विचारलं, "बाई, तुम्ही कधी शिकलात?"

"काय?"

"वाचायला. आता तर येतं तुम्हाला."

मला आधीपासून येत होतं, हे मी तिला सांगितलं. तिने मान हलवली. तिचा विश्वास बसला नसावा. मलाही तो आग्रह धरवला नाही. वाचता येत असून तिच्याकडे पाहिलं नाही, हे सांगणं वाचताच येत नव्हतं म्हणण्याहून वाईट होतं.

तोंडी परीक्षा मोठ्या बाई स्वतः घेत. वार्षिक परीक्षेत पुस्तकाबाहेरचा उतारा असे. मुंगीने तीन ओळी वाचल्या. चार मिनिटं लागली. 'दुष्काळ' या शब्दापाशी ती इतकी थांबली की मोठ्या बाईंनी पेन टेकवलं. मग तिने तो वाचला. शेवटी त्या म्हणाल्या, "जा, बाहेर थांब," आणि तक्त्यात 'क' लिहिला.

दार बंद झाल्यावर त्यांनी पहिल्या सत्राचा तक्ता पुढे ओढला. "हिला तर तुम्ही 'अ' दिला होता. आजारी होती का मध्ये?"

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. त्यांनी उत्तरही माझ्या हातात आणून ठेवलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "तेव्हा तिला वाचताच येत नव्हतं. धडा पाठ होता. माझ्या लक्षात आलं नाही."

"वर्षभर?"

"फेब्रुवारीपर्यंत."

"पण तुमच्याकडे तर दर शनिवारी वाचन असतं."

"त्या वेळात मी मुलांकडे पाहत नसे. माझी कार्डं लावत असे. पक्ष्यांची."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"तुमचं बघून मी मूक वाचन सगळ्या वर्गांना लावलं बाई," त्या म्हणाल्या. "सहाच्या सहा वर्गांना. अशी आणखी किती असतील?"

"माहीत नाही."

"मलाही नाही." त्यांनी तक्ते गोळा केले. त्यांचा आवाज माझ्यापेक्षाही खाली गेला होता. "हे लेखी द्या मला. आणि सोमवारपासून एकेका मुलाला जवळ बसवून वाचून घ्यायचं. प्रत्येक वर्गात. तुम्ही आणि मी."

मी बाहेर आले. मुंगी बाकावर नव्हती. ती भिंतीपाशी टाचा उंचावून उभी होती, समोर रंगवलेल्या अक्षरांवर बोट ठेवून.

"नापास का, बाई?" तिने मागे न पाहता विचारलं.

"नाही. पास आहेस. चूक माझी होती, ती आत सांगून आले."

"ओरडल्या?"

"नाही."

"मग बरं," ती म्हणाली आणि बोट पुढे सरकवलं. "शां... शांत... ता."

शाळा सुटण्याची घंटा झाली. वर्गांतून मुलं बाहेर पडली, आम्हाला चुकवत, ढकलत जाऊ लागली. तिचा आवाज त्यांच्या वर चढला.

"शांतता... रा... रा..."

शेजारच्या वर्गातल्या बाईंनी डोकं बाहेर काढून कोण ओरडतंय ते पाहिलं. मी त्यांना हाताने थांबवलं आणि मुलीच्या मागे उभी राहिले.

"...खा," ती मोठ्याने म्हणाली.