बाळाला आजोबांचं नाव

मॉक चाक-लाम यांना अख्खं रॉटरडॅम 'मिस्टर लाम' म्हणायचं. चिनी रीतीप्रमाणे मॉक हे घराण्याचं नाव, ते पुढे. चाक-लाम हे स्वतःचं, ते मागे. पण इथल्या लोकांना मागचं ते आडनाव वाटतं, त्याला कोण काय करणार? बँकेतली पोरगी आणि दातांचा डॉक्टर त्यांना त्यांच्या आईसारखी, घरच्या नावाने हाक मारत. आधी ते चिडायचे, मग अंगवळणी पडलं.

मुलगी वाइ-शान बाळंत झाली, मुलगा झाला. म्हातारबुवांनी बाळंतिणीसाठी आलं आणि काळं व्हिनेगर घालून डुकराचे पाय शिजायला ठेवले. तेवढ्यात जावई योरिस आत आला. मोठा गुणी, पण ताडमाड. दारातून वाकूनच यायचा.

"बाबा, बाळाचं नाव लाम ठेवायचं म्हणतोय. आमच्याकडे नातवाला आजोबांचं नाव देतात. मलाही माझ्या आजोबांचंच आहे."

म्हातारबुवांनी गॅस बारीक केला. हयात वडीलधाऱ्याचं नाव पोराला ठेवणं म्हणजे त्यांच्या गावी चारचौघांत केलेला अपमान. पण हा पोरगा तर जीव ओवाळून टाकल्यासारखा उभा होता.

"वाइ-शान काय म्हणाली?"

"म्हणाली, बाबांना तूच विचार. आणि हसली."

"हसेल नाही तर काय, लबाड आहे. योरिस, बस असा. उद्या तू ओरडशील, लाम, नाक पूस. तेव्हा मी काय करू? माझं पुसू?"

योरिस हसला, मग कानापर्यंत लाल झाला. "आमच्याकडे तो मान असतो, बाबा."

"माहीत आहे. म्हणून तर तुझ्यावर रागावलो नाही."

"मग तुमचं काहीच देता येणार नाही त्याला?"

म्हातारबुवा पातेलं ढवळत राहिले. त्यांना मुलगा नव्हता. आपल्याबरोबर या घरातले मॉक संपणार, हे त्यांनी मुकाट्याने गिळलं होतं. मुलीची मुलं दुसऱ्या घरची. जावयापुढे हात कसा पसरायचा?

"पुढचं नाव आहे," ते शेवटी म्हणाले. "पण ते मागायचं नसतं. सोड."

"मॉक? इथे आईचं आडनाव चालतं की, बाबा."

"तुझे वडील काय म्हणतील?"

"आमच्याकडे डेकर आडनावाचे ढिगाने आहेत. भावाचे मुलगेच घर डोक्यावर घेतात. एक डेकर कमी झाला तर त्यांना जरा शांत वाटेल."

आतून वाइ-शान म्हणाली, "माझ्या मनात कधीपासून हेच आहे. तुमचं एकमेकांना विचारून होईपर्यंत बाळाला दाढी येईल."

म्हातारबुवांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. हात धुऊन त्यांनी बाळाला घेतलं. घराण्यात प्रत्येक पिढीला, सगळ्यांच्या नावात घालायचं, एक चिनी अक्षर ठरलेलं. त्यांच्या पिढीला चाक, लेकीच्या पिढीला वाइ, पुढच्या पिढीला हिन. ते आपल्या घरात कुणाला द्यायची वेळ येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"मॉक हिन-लोक," ते म्हणाले. योरिसने ते दोनदा म्हणून बघितलं.

मग त्यांनी गावी थोरल्या भावाला फोन लावला.

"दादा, आपल्याकडे मुलगा झाला."

"म्हणजे लेकीकडे," भाऊ म्हणाला.

"नाही," म्हातारबुवा म्हणाले. "आपल्याकडे."