पिशवीतला भोंगा

मी एक जुना धुराचा भोंगा आहे, धूर लागला की ओरडणारा. छताला चिकटलेला, बशीएवढा, एके काळी पांढरा आणि आता पिवळट. माझ्या अंगाला बारीक फटी आहेत आणि पोटात एक तांबडा दिवा मिणमिणतो. मित्रांनो, तुम्ही दिवसातून कितीतरी वेळा माझ्या खालून जाता, पण मान वर करून बघत नाही. मी वाईट वाटून घेत नाही. म्हणजे, थोडंसं घेतोच. पण एकदा बोलायला लागलो की मला मध्येच गप्प बसता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एक बाई आम्हाला एकेक करून धुराच्या पेटीत ठेवायची. जो ओरडला तो पास, जो गप्प राहिला तो बाद. तुम्हाला बडबड केली म्हणून वर्गाबाहेर उभं करतात, आमच्याकडे सगळं उलटं. मी असा केकाटलो की त्या बाईने कानांवर हात ठेवले आणि म्हणाली, "हा घरदार जागं करणार बघा!" एवढं कौतुक मला बरीच वर्षं पुरलं.

मग मला एका मोठ्या इमारतीतल्या घरात, बोळकंडीच्या छताला बसवलं. जागा मोक्याची होती. एका बाजूला स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला बैठकीची खोली आणि समोर घराचं दार. सुरुवातीला तिथे एक म्हातारे शिंपी एकटेच राहत. महिन्यातून एकदा ते छत्रीच्या टोकाने माझं बटण दाबायचे. मी ओरडलो की म्हणायचे, "जिवंत आहेस ना? मीही आहे." मग माझ्या फटींवरची धूळ झटकायचे. पुढे ते मुलीकडे राहायला गेले आणि घर बरेच दिवस रिकामं राहिलं.

एका थंडगार सकाळी दार उघडलं आणि बॅगांच्या ढिगामागून एक कुटुंब आत आलं. बाबा, आई आणि त्यांची मुलगी बारकी. दूरच्या देशातून आले होते. बाबांना इथली भाषा मोडकीतोडकी यायची, आईला अजिबात नाही. त्यांच्याबरोबर इमारतीची देखभाल करणारा माणूस होता. त्याच्या कमरेला किल्ल्यांचा मोठा जुडगा लटकलेला असायचा, म्हणून बारकीने त्याचं नाव किल्लीवाला ठेवलं.

किल्लीवाला माझ्याकडे बोट करून भराभर बोलू लागला. त्याने सांगितलं, की स्वयंपाकात धूर झाला तर खिडकी उघडा आणि स्वयंपाकघराचं दार लावून घ्या. घराचं दार मात्र उघडू नका, कारण बाहेर जिन्यात मोठा भोंगा आहे आणि तो वाजला की सगळी इमारत खाली उतरते, आगीचा बंब येतो. हीटरवर कपडे वाळत घालू नका, हेही सांगितलं. बाबा प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. पहिल्याच दिवशी आपलं अडाणीपण कशाला दाखवायचं, असं त्यांना वाटलं असावं.

"समजलं ना?" किल्लीवाल्याने विचारलं.

"हो, हो!" बाबा म्हणाले.

तो गेल्यावर आईने विचारलं, "एवढं काय सांगत होता हो तो?"

"काही नाही गं. घर नीट वापरा म्हणाला."

मित्रांनो, मी वर बसून हे ऐकत होतो. त्यांची भाषा मला तेव्हा येत नव्हती, अर्थ पुढे कळला.

त्याच संध्याकाळी आईने तेल तापवलं आणि लाल मिरच्यांची फोडणी टाकली. खिडक्या घट्ट बंद होत्या. मिरचीचा खकाणा माझ्या फटीत शिरला आणि मी माझं काम केलं. बारकीने कान झाकले, बाबा टॉवेल घेऊन मला वारा घालू लागले. एवढ्यावर भागलं असतं, कारण माझा आवाज घरातल्या घरात राहतो, फार तर समोरच्या दारापर्यंत जातो. पण आईच्या जुन्या घराचं दार दिवसभर सताड उघडं असायचं आणि फोडणीचा धूर तिथूनच बाहेर जायचा. हाताला सवय तीच. तिने पदराने नाक धरलं, धावत जाऊन घराचं दार उघडलं, आणि धूर जिन्यात गेला. तिथे माझा थोरला भाऊ बसलेला असतो. त्याने आकाशपाताळ एक केलं.

सगळी इमारत खाली उतरली. हे मी पाहिलं नाही, पण पुढे आईच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की पाहिल्यासारखंच आहे. रस्त्यावर बोचरी थंडी. कुणी तान्ह्या बाळाला गोधडीत गुंडाळलेलं, कुणी अर्धी दाढी केलेला. खालच्या मजल्यावरची एक बाई न्हाता न्हाता उठून आलेली, पायात सपाता आणि केसांतून पाणी निथळतंय. बंब आला, माणसं वर जाऊन कढई बघून आली. कुणी एक शब्द बोललं नाही. आईला तेच लागलं. भाषा येत नसली की गप्प बसलेली माणसंही रागावलेली वाटतात.

घरात आल्यावर ती खाली बसली. "त्या ओल्या केसांच्या बाईने माझ्याकडे कसं बघितलं, पाहिलंत ना? मला तोंड दाखवायला जागा नाही राहिली."

"अगं, उद्या कुणाच्या लक्षात पण राहणार नाही."

"माझ्या राहील ना!"

तिने बाजाराची प्लॅस्टिकची पिशवी आणून बाबांच्या हातात दिली. बाबा खुर्चीवर चढले, पिशवी माझ्या तोंडावरून ओढली आणि गळ्याशी रबरबँड करकचून लावलं. "घे," ते म्हणाले, "आता बोंबल."

मित्रांनो, तोंडावर पिशवी घेऊन जगणं काय असतं ते तुम्हाला कळू नये. सगळं दुधात बुडाल्यासारखं दिसायचं. वास नाही, वारा नाही. माझा दिवा मिणमिणायचा तो पिशवीच्या आतच. कान मात्र शाबूत होते, आणि त्या घरची भाषा मी अशीच, पिशवीत बसून शिकलो.

हळूहळू माझ्या ध्यानात आलं की मी एकटाच कोंडलेलो नाही. आईने फोडणी बंद केली. सगळं उकडलेलं. "आई, आजही मिळमिळीत?" बारकी विचारायची. "गुमान जेव," आई म्हणायची, आणि स्वतःही दोन घासांत उठायची. थंडीमुळे खिडकी बंद आणि लाजेमुळे दार बंद. कचरा बाबाच खाली नेत. जिन्यात पावलं वाजली की आई दाराच्या भिंगाला डोळा लावून उभी राहायची आणि ती पावलं लांब जाईपर्यंत हलायची नाही. पुढे पुढे जिना रिकामा असला तरी ती बाहेर पडेना.

"शाळेत सगळ्यांच्या आया येतात भेटायला," बारकी एकदा म्हणाली. "बाईंनी तुला बोलावलंय."

"बाबा येतील."

"बाबा तर रात्रपाळी करून झोपलेले असतात. तू माझी आई आहेस का नाही?"

 बारकी दप्तर आपटून आत निघून गेली.

एकदा दार वाजलं. आईने भिंगातून पाहिलं. ओल्या केसांची बाई होती, या वेळी कोरड्या केसांची. आई श्वास रोखून दाराआड उभी राहिली. दार पुन्हा वाजलं. थोड्या वेळाने सपातांचा आवाज जिना उतरून गेला. आई दाराला पाठ टेकून खाली घसरली आणि तोंडात पदर कोंबून रडली. मीही रडलो असतो, पण मला फक्त ओरडता येतं, आणि तेव्हा तेही येत नव्हतं.

आता मी एका दुपारचं सांगतो. बारकी शाळेत होती, बाबा आतल्या खोलीत झोपले होते. बाहेर कपडे वाळत नव्हते म्हणून आईने ओली चादर बैठकीतल्या हीटरवर पसरली, ऊब टिकावी म्हणून आतल्या खोलीचं दार लावून घेतलं आणि ती बाबांच्या शेजारी कलंडली. मला पिशवीतून चादरीचा एक कोपरा दिसत होता. तो आधी तपकिरी झाला. मग तिथून धुराची बारीक रेघ निघाली, छताशी आली आणि माझ्या पिशवीवरून घसरून पुढे गेली. माझ्यापासून बोटभर अंतरावर धूर होता आणि मला त्याचा वास येत नव्हता. कोंडून घालणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी पुरतं कळलं.

धूर घराच्या दाराच्या फटीतून जिन्यात गेला आणि माझा थोरला भाऊ बोंबलला. मला हायसं वाटलं. आता उठतील, पळतील! आतून बाबांचा आवाज आला, "अगं, भोंगा वाजतोय."

"वाजू दे," आई म्हणाली. "आज आपण नाही काही केलं. खाली गेलो की सगळे माझ्याकडेच बघणार. दार उघडू नका, मी सांगते."

आणि ती दोघं आतच बसून राहिली. लाजेने माणसाचं इतकं वाटोळं होऊ शकतं, हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

तेवढ्यात कुणीतरी दारावर दणादण मुठी आपटू लागलं. थांबेचना. शेवटी बाबांनी आतलं दार उघडलं आणि धुराचा लोट त्यांच्या अंगावर आला. खोकत खोकत त्यांनी घराचं दार उघडलं. समोर तीच बाई. तिने ओढणीने तोंड झाकलं, आत येऊन हीटरचा प्लग उपटला, धुमसती चादर पायाने ओढत न्हाणीघरात नेली आणि वर नळ सोडला. खिडक्या उघडल्या. मग आईचा हात धरून तिला आणि बाबांना खाली घेऊन गेली.

सगळं निवल्यावर ती दोघांबरोबर परत वर आली. मान वर करून तिने माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी म्हणाली. बाबांनी सवयीने मान डोलावली. मग डोलावता डोलावता थांबले. "मला समजलं नाही," ते तिच्या भाषेत अडखळत म्हणाले. "पुन्हा सांगा. सावकाश."

तिने सावकाश सांगितलं आणि बाबांनी आईला. "त्या म्हणतायत, या इमारतीत प्रत्येकाने एकदा तरी सगळ्यांना खाली उतरवलंय. त्यांचं दूध करपलं होतं. किल्लीवाल्याने तर दोनदा उतरवलंय. तुला हे सांगायलाच त्या दिवशी आल्या होत्या, पण घरात कुणी नव्हतं."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. "होते की," ती हळूच म्हणाली. "मी होते घरात." हे वाक्य बाबांनी भाषांतर करून सांगितलं नाही, पण त्या बाईंना ते कळलं असावं. त्यांनी आईच्या पाठीवरून हात फिरवला. तेव्हापासून त्या घरात त्यांना ताई म्हणतात.

आई खुर्चीवर चढली. रबरबँड तिने ताणून तोडलंच. पिशवी निघाली आणि मला कितीतरी दिवसांनी वास आला. जळक्या चादरीचा, पण मला तो अत्तरासारखा वाटला. मग तिने डोळे मिटून माझं बटण दाबलं. मी ओरडलो. ती दचकली, पण तिने बोट उचललं नाही.

आता आई फोडणी देते. आधी खिडकी उघडते, स्वयंपाकघराचं दार लावते, आणि जाता जाता मला दटावते, "गप बस हं, मिरची आहे." बारकीच्या शाळेत जाऊन आली. तिथे तिला काही समजलं नाही तेव्हा तिने सरळ "पुन्हा सांगा" म्हटलं, हे बारकीने घरभर नाचत सांगितलं.

मित्रांनो, माझे दिवस आता भरत आले आहेत. भोंग्यांनाही वय असतं, लवकरच माझ्या जागी नवा येईल. त्याच्या तोंडावर पिशवी घालू नका. महिन्यातून एकदा त्याचं बटण दाबा. कळलं नसेल तर हो हो म्हणू नका. आणि दार वाजलं तर उघडा.

कालच समोरच्या घरात नवी माणसं आली. आज त्यांचा भोंगा ओरडला आणि मग एकाएकी मुका झाला. काय झालं असेल ते मला कळलं, आईलाही कळलं. तिने आमचं दार उघडं टाकलं आणि समोरचं दार वाजवलं. कुणी उघडलं नाही. आतून हालचाल नाही, आवाज नाही. दाराआड कुणीतरी श्वास रोखून उभं आहे, हे या जिन्यात तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ती परत फिरली नाही. तिने पुन्हा दार वाजवलं.