घडीमागची बहीण

एर्मिलाने तो फोटो उचलला आणि समोरच्या बाईंच्या हातात परत ठेवला.

"आजोबा गेले, कबूल. पण त्यांच्या मांडीवर बसलाय तो कोण? तुमचाच मुलगा ना? जिवंत माणूस मृतांच्या वेदीवर बसवलात, तर वर्ष काढायचा नाही तो. दुसरा आणा."

बाई ओशाळल्या आणि फोटो पर्समध्ये टाकून निघून गेल्या. टेबलामागून ग्रंथपाल ग्रासिएला म्हणाली, "एर्मिलाताई, जरा सबुरीनं घ्या. वाचनालयाचा कार्यक्रम आहे, पोलीस चौकी नव्हे."

"रीत म्हणजे रीत," एर्मिला म्हणाली आणि पुन्हा झेंडू ओवू लागली.

फ्रेस्नोच्या त्या वाचनालयात दर शरदात, मृतांच्या सणाला, मुलांच्या पुस्तकांच्या कपाटासमोर वेदी मांडली जाई. झेंडूची कमान, गोड पाव, पाण्याचा पेला, आणि आगीच्या नियमांपायी विजेवरच्या मेणबत्त्या. ओआहाकाची, सीमेपलीकडच्या तिच्या मुलखाची, रीत एर्मिलाइतकी कुणाला ठाऊक नव्हती, आणि ती ते ऐकवल्याशिवाय राहतही नसे. यंदा मात्र तिचा हात चालत नव्हता. उन्हाळ्यात तिची धाकटी बहीण फिदेला गेली होती. तिला घरी बोलवायचं तर वेदीवर तिचा चेहरा हवा, आणि एर्मिलाकडे तिचा एकही फोटो नव्हता.

एकेकाळी होता. गावच्या जत्रेत काढलेला, दोघी एकाच ताग्यातल्या कापडाचे फ्रॉक घातलेल्या. फोटोवाल्याने दोन प्रती दिल्या होत्या, दोघींना एकेक. पुढे आई गेली तेव्हा एर्मिलाकडे या देशात राहण्याची कागदपत्रं होती, ती गावी जाऊ शकली. फिदेलाकडे नव्हती, ती सीमा ओलांडून गेली असती, तर पोरांकडे परत येऊच शकली नसती. हे एर्मिलाला कळत नव्हतं असं नाही. तरी आईच्या अंगणातून तिने फोन केला आणि म्हणाली, "आई गेली, तशी तूही मला मेलीस." घरी परतल्यावर कात्रीने फोटोतल्या फिदेलाला कापून तिने शेगडीत टाकलं. नंतर फिदेला दारात येऊन उभी राहिली, तेव्हा तिने दार उघडलं नाही. आजारपणाची बातमी आली, तेव्हा उद्या जाऊ, उद्या जाऊ म्हणत राहिली. त्या उद्याची आता तिला मनस्वी लाज वाटत होती.

"मावशी."

फिदेलाची मुलगी, नायेली. दफनाच्या दिवशी एर्मिला लांब, झाडाखाली उभी होती. त्यानंतर नायेली आजच तिच्या समोर येत होती.

"आईचा फोटो ठेवायचाय. तुम्हाला विचारावं लागतं म्हणे."

एर्मिलाने फोटो हातात घेतला. तोच फ्रॉक, तीच वेणी, तेच ओठांत न मावणारं हसू. फोटो मधोमध मागे दुमडलेला होता आणि घडी अगदी ताजी होती.

"दुमडलास का?"

"त्यात जिवंत माणूस आहे ना. आईनंच शिकवलंय हे." नायेलीने घडीकडे बोट दाखवलं. "सकाळी दुमडताना मलाच कसंतरी झालं. आमच्या भिंतीवर तो कायम उघडाच असायचा."

एर्मिलाने घडी उलगडली. फिदेलाच्या गळ्यात हात टाकून ती स्वतः हसत होती.

"तुमच्याकडेही आहे ना हा? आई म्हणायची, एक माझ्याकडे, एक ताईकडे."

"आहे," एर्मिला म्हणाली. 

घडीवरून तिने अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मग फोटो तसाच, अख्खाच, वेदीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवला.

"मावशी! अहो, तुम्ही आहात त्यात!"

ग्रासिएलाही लगबगीने आली. "एर्मिलाताई, आत्ताच त्या बाईंना तुम्ही परत पाठवलंत."

"मी तिला मेली म्हटलं," एर्मिला नायेलीकडे बघत म्हणाली, "आणि तिनं मला भिंतीवर ठेवलं. बसू दे मला तिच्या शेजारी."

फोटो घडीवर पुन्हा मिटू लागला, एर्मिलाचा चेहरा मागे वळू लागला. एर्मिलाने पाण्याचा पेला सरकवून टेकू दिला, तरी तो राहीना. शेवटी तिने बोट लावून तो उघडा धरला आणि तशीच उभी राहिली.