अकरा पावलं मागे

'खाडीपलीकडचा दिवा' या गाण्यात माझे बाबा आहेत, हे मला दहा वर्षांची होईपर्यंत ठाऊक नव्हतं. गाणं मात्र पाठ होतं. दार एस सलाममध्ये ते कुणाला पाठ नाही? रविवारी दुपारी रेडिओवर जुनी गाणी लागली की मागोमेनीतल्या आमच्या गल्लीत दर तिसऱ्या दारातून तेच ऐकू यायचं. ओट्यावर बसलेले लोक कॉफीचे पेले हातात धरून रेडिओवरच्या मिहांबोकाकांच्या आवाजात आवाज मिसळायचे.

एकदा आई म्हणाली, "नीट ऐक. मागे तुझे बाबा आहेत."

मी रेडिओला कान लावला. कडव्याच्या शेवटी, शेजारच्या खोलीत कुणी गुणगुणावं तसं काहीतरी होतं.

"ते?"

"तेच," आई म्हणाली आणि कढल्यातले व्हितुंबुआ, म्हणजे तांदळाचे गोड आप्पे, उलटायला लागली.

खरं तर ते दोन आवाजांचं गाणं. 'कुसी जॅझ' बँडमध्ये मिहांबोकाका पहिला आवाज गायचे आणि बाबा दुसरा. १९६६ साली रेडिओची गाडी इलाल्याच्या सभागृहात गाणं ध्वनिमुद्रित करायला आली, तेव्हा त्यांच्याकडे मायक्रोफोन एकच होता. तेव्हाची पद्धतच तशी होती. जो मोठ्यानं वाजतो तो लांब, जो हळू वाजतो तो जवळ. ट्रम्पेट खिडकीपाशी, ढोल थेट व्हरांड्यात. बाबा सकाळी मासळीबाजारात लिलाव पुकारायचे, त्यांचा आवाज धक्क्यावरून होड्यांपर्यंत पोहोचायचा. त्यांनी पहिली ओळ म्हटली आणि यंत्राचा काटा तांबड्या पट्ट्यात गेला. रेडिओचा माणूस म्हणाला, "एक पाऊल मागे." मग आणखी एक. असं करत अकरा पावलं झाली आणि बाबा दाराच्या उंबऱ्यावर जाऊन उभे राहिले. मिहांबोकाका मायक्रोफोनच्या पुढ्यात, अनवाणी. चपला घातल्या की सूर लागत नाही असं ते अजून म्हणतात.

अंतर दुप्पट झालं की आवाजाची तीव्रता चौथाई उरते. मी मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहिते. बाबांचा आवाज मला माहीत आहे, सभागृहही पाहिलेलं आहे. माझ्या अंदाजानं चार पावलं पुरली असती. पण जेवणाची वेळ झाली होती म्हणे, आणि त्या माणसानं मुद्रण पुन्हा ऐकून पाहिलंच नाही.

यावर मिहांबोकाकांची थट्टा तीस वर्षं चालू होती.

बाबा इथल्या माडांच्या किनाऱ्यावरचे झारामो, मिहांबोकाका दूर आतल्या टाबोराकडचे न्यामवेझी, पूर्वी ओझी वाहत किनाऱ्यापर्यंत चालत येणाऱ्यांपैकी. या दोन जमातींमध्ये पणजोबांच्या काळापासून थट्टेचं नातं आहे. एकमेकांना काहीही बोलावं, एकमेकांची वस्तू उचलून न्यावी, आणि समोरच्यानं रागवायचं नाही. आजी वारली तेव्हा मिहांबोकाका अंगणात तिच्यासारखे पाय पसरून बसले आणि तिच्याच आवाजात ओरडले, "माझी तपकीर कुठल्या मेल्यानं चोरली?" बाबा रडता रडता हसले. कुणी असं हसवायला आलं नसतं, तर ते जास्त रडले असते.

तेव्हा ओट्यावर कुणी गाण्याचा विषय काढला की काका बाबांचं नाव घेऊन सुरू व्हायचे. "पाझी? पाझी तर पार पुढच्या गावाहून, बागामोयोहून गात होता! आम्ही त्याला पत्र टाकायचो, तुझी ओळ आली रे!"

सगळे हसायचे. बाबा सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. मात्र कुणी दोघांना ते गाणं गायला सांगितलं की बाबांचा घसा बसायचा. लग्न असो, बारसं असो, घसा बसायचा. एरवी त्यांना साधी सर्दीही होत नसे. हे माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षं लागली, पण एकदा आलं ते आलं.

मागच्या जून महिन्यात रेडिओच्या सालोमेबाई घरी आल्या. जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमाला पंचवीस वर्षं होत होती. इलाल्याच्या त्याच सभागृहात, रविवारी दुपारी चार वाजता सोहळा होता.

"सगळं तेव्हासारखं करायचंय," त्या उत्साहानं म्हणाल्या. "मायक्रोफोनसुद्धा एकच. आणि शेवटी तुमचं दोघांचं 'दिवा'."

बाबांनी गळ्याला हात लावला. "माझा घसा जरा..."

"बसला!" शेजारी बसलेले मिहांबोकाका ओरडले. "बाई, लिहून घ्या. या नारळ्याचा घसा स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी जो बसला तो उठलेलाच नाही. माडाखाली लोळून लोळून वारा लागतो यांना."

"आणि तू पाठीवर ओझं घेऊन टाबोराहून चालत आलास, हमाला," बाबा म्हणाले. "ओझं उतरवलंस, पण तोंड अजून उघडंच आहे."

"चालत आलो म्हणून तर तुम्हाला गाणं माहीत झालं! तोवर तुम्ही नारळ पडायची वाट बघत होता."

एवढं बोलून काकांनी बाबांच्या डोक्यावरची कशिद्याची टोपी उचलली आणि स्वतःच्या खिशात घातली. "ही आता माझी. रविवारी गायलास तर परत मिळेल."

नात्याप्रमाणे बाबांना नाही म्हणता येईना. ते हसले. सालोमेबाईंनी नाव लिहून घेतलं आणि दोन व्हितुंबुआ खाऊन गेल्या.

सगळे गेल्यावर बाबा बोडक्या डोक्यानं ओट्यावर बसून राहिले. मी पेले उचलत होते.

"तातू," ते म्हणाले, "तुझी धाकटी परवा काय म्हणाली ठाऊक आहे? आजोबा, मी वर्गात सांगितलं की त्या गाण्यात तुम्ही आहात. तर पोरी म्हणाल्या, कुठे?"

मी पेले खाली ठेवले.

"मी चाल बांधली होती गं ती. दुसऱ्या आवाजाची. पहिला आवाज वर जातो तेव्हा माझा खाली उतरतो, होडी धक्क्याला लागते तसा. मीसुद्धा ती कधी ऐकली नाही. एकदा कुणीतरी ऐकावी. एवढंच."

"काकांना सांगा ना."

"त्याला?" बाबा दचकले. "त्याची थट्टा मला टोचते म्हणून सांगू? न्यामवेझ्याची थट्टा झारामोला टोचली? लोक काय म्हणतील! आणि त्याला किती वाईट वाटेल." डोक्यावरून हात फिरवत ते म्हणाले, "जाऊ दे. उभा राहीन दारात."

म्हणजे अडचण दुहेरी होती. बाबांनी मायक्रोफोनजवळ यायला हवं होतं, आणि ते त्यांना मागता येत नव्हतं. मागणारा माणूस दुसरा हवा, आणि त्याचं मागणं काकांना नाकारता येऊ नये. असं माणूस घरात एकच होतं. झारामो मीही होतेच. पण मी आयुष्यात काकांची थट्टा केली नव्हती. ते नेहमी म्हणायचे, "पाझी, ही मुलगी तू प्रयोगशाळेतून आणलीस का रे? बाटलीला बूच असतं तसं हिच्या तोंडाला आहे." मी हसून आत जायची.

रविवारी सभागृह गच्च भरलं होतं. बायका नव्या कोऱ्या कांगा नेसून आल्या होत्या, मागे लोक खिडक्यांत बसले होते. माझी धाकटी पुढच्या रांगेत मैत्रिणींना घेऊन बसली होती. लाल पॉलिश केलेल्या जमिनीवर मधोमध तो एकटा मायक्रोफोन उभा होता. आठ-दहा गाणी झाली. मग सालोमेबाईंनी 'दिवा'चं नाव घेतलं आणि टाळ्या थांबेनात.

मिहांबोकाकांनी चपला काढून बाजूला ठेवल्या आणि मायक्रोफोनसमोर उभे राहिले. बाबा कुणी न सांगता वळले आणि दाराकडे चालायला लागले. त्यांचे ओठ हलत होते. ते पावलं मोजत होते.

मी उठले. मी काकांच्या चपला उचलल्या आणि बाबांच्या मागोमाग चालत गेले. उंबऱ्यापाशी त्या नीट जोडीनं ठेवल्या आणि वळले.

"मिहांबोकाका," मी म्हणाले. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोहोचतो तेवढा माझा आवाज आहे. "टाबोराहून इथवर हजार किलोमीटर चालत आलात म्हणे. आता अकरा पावलं चाला. चपला इथे आहेत. हव्या असतील तर इथूनच गायचं."

मग खिडकीतला कुणीतरी ओरडला, "हमाल, उचल ओझं!" आणि सगळं सभागृह हसायला लागलं.

काकांनी डोळे विस्फारले होते. "बूच उडालं!" ते मायक्रोफोनमध्येच म्हणाले. "पाझी, तुझी बाटली बोलली रे!" मग दोन्ही हात वर करून, नाकारता येत नाही हे सगळ्यांना दाखवत, ते अनवाणी चालत आले. माझ्याजवळून जाताना पुटपुटले, "तीस वर्षं गप्प बसलीस ती याचसाठी?"

"हो," मी म्हणाले.

बाबा अजून दारातच होते. मी त्यांच्या पाठीला हात लावला. ते मायक्रोफोनपाशी गेले.

गिटार सुरू झाली. बाबांनी तोंड उघडलं आणि पहिल्या ओळीला लोक गोंधळले. गाणं ओळखीचं आणि चाल अनोळखी. पहिला आवाज जिथे वर चढतो तिथे हा खाली उतरत होता, सावकाश, होडी धक्क्याला लागते तसा. दारातून काका गात होते, पण म्हाताऱ्या गळ्यातून तेवढं कुठलं पोहोचायला. बाबांच्या आवाजावर एक मोकळी जागा होती आणि ती सगळ्यांना जाणवत होती.

तिसऱ्या रांगेतल्या एका आजीबाईंनी ती जागा भरली. पहिला आवाज त्यांना पाठच होता. मग त्यांच्या शेजारणीला. मग खिडक्यांना. दुसऱ्या कडव्यापर्यंत पाचशे माणसं मिहांबोकाकांचा आवाज गात होती आणि त्यांच्याखाली, मायक्रोफोनमधून स्वच्छ, माझे बाबा. धाकटी मैत्रिणीला कोपरानं ढोसत होती.

गाणं संपल्यावर काका धापा टाकत आले. चपला हातात होत्या. त्यांनी खिशातून टोपी काढली आणि बाबांच्या डोक्यावर ठेवली, जरा वाकडी.

"पाझी," ते हळू म्हणाले, "तिथून काहीच ऐकू येत नाही रे. स्वतःचंसुद्धा."

"नाही येत," बाबा म्हणाले.

"आणि चाल इतकी चांगली होती? मी पण आजच ऐकली. मूर्खा, तीस वर्षं सांगायचं नाहीस?"

"तुला सांगून काय उपयोग? तू बागामोयोला पत्र टाकलं असतंस."

काका इतके हसले की त्यांना खोकला आला. लोक ओरडत होते, पुन्हा, पुन्हा. सालोमेबाईंनी मान डोलावली. दोघं एकमेकांकडे पाहू लागले. बाबांनी काकांना खांद्याला धरून मायक्रोफोनसमोर उभं केलं आणि स्वतः मागे सरकायला लागले, कुणी न सांगता, प्रत्येक पावलाला एक सूर लावून पाहत. मागे वळून न बघता काका कान देऊन ऐकत होते.

"बस," ते म्हणाले. "तिथेच. पुढे आलास तर मी बुडेन, मागे गेलास तर ही पोरगी माझ्या चपला पुन्हा नेईल."

मी मोजली होती. चार पावलं.