बहात्तर फोटोंची सुझुमी

सेलूच्या स्टेशन रोडवर नागनाथचा फोटो स्टुडिओ होता. पुढं एक खोली, मागं डार्करूम, तिच्या मागं घर. फोटो तो काढायचा आणि धुवायचं, निगेटिव्हवरचे डाग बारीक ब्रशनं पुसायचं काम त्याची बायको गोजरबाई करायची. तिचा हात इतका हलका होता की देवीचे व्रण असलेली माणसंसुद्धा स्टुडिओतून गुळगुळीत होऊन बाहेर पडायची.

नागनाथकडं सुझुमी नावाच्या जपानी कंपनीचा एक जुना कॅमेरा होता. हैदराबादला जुन्या मालाच्या बाजारात त्याला तो मिळाला होता. त्याची गंमत अशी की छत्तीस फोटोंच्या रोलवर तो बहात्तर फोटो काढायचा. नेहमीच्या फोटोला रोलवर जेवढी जागा लागते, तिच्या निम्म्या जागेत याचा फोटो बसायचा. कॅमेरा लहान मुलाच्या हातातही मावेल एवढासा. नागनाथचा जीव त्याच्यावर जडला होता.

गावात मात्र या कॅमेऱ्याची चेष्टा व्हायची. मोंढ्याजवळ आबासाहेबांचा मोठा स्टुडिओ होता. ते नागनाथला 'अर्धा फोटोवाला' म्हणत. एका लग्नात तर मुलीच्या मामानं काळजीनं विचारलं होतं की नवरा-नवरी दोघंही येतील ना, का एकच येईल. आणि चेष्टेत थोडं तथ्यही होतं. निगेटिव्ह लहान, त्यामुळं फोटो मोठा करायला गेलं की त्यात रवा सांडल्यासारखे दाणे दिसायचे. कॅमेऱ्याची काच, म्हणजे लेन्स, साधी, ती बदलता यायची नाही. उजेड मोजायची सोय नाही. नागनाथचं म्हणणं एवढंच होतं की कॅमेरा लहान आहे म्हणून तो कच्चाच असला पाहिजे, असं कुणी ठरवलं? याच अर्ध्या फ्रेमचा, पण अव्वल दर्जाचा कॅमेरा सुझुमीनं का काढू नये?

हे ऐकून घेणारा माणूस त्याला एकच होता, तो म्हणजे चंद्रभान. चंद्रभान पूर्णेला राहायचा आणि पॅसेंजर गाडीवर गार्ड होता. त्याच्याकडंही तसलीच सुझुमी होती. दोघांची ओळख झाली तीच त्यामुळं. नागनाथ एकदा प्लॅटफॉर्मवर उभा होता, गळ्यात कॅमेरा. चंद्रभाननं गार्डच्या डब्यातून तो पाहिला, उडी मारून खाली आला आणि नाव-गाव न विचारता आपल्या पेटीतून स्वतःचा कॅमेरा काढून त्याच्यापुढं धरला. दोघं जुळे भाऊ भेटल्यासारखे हसत सुटले.

तेव्हापासून सेलूला गाडी क्रॉसिंगला थांबली की दहा-बारा मिनिटं दोघांची. समोरून दुसरी गाडी येईपर्यंत बोलायचं, ती आली की चंद्रभाननं झेंडी घेऊन पळायचं. राहिलेलं वाक्य पुढच्या खेपेला.

त्र्याऐंशी सालच्या पावसाळ्यात चंद्रभान सिकंदराबादहून एक इंग्रजी मासिक घेऊन आला. शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात दोन ओळी होत्या. जपानमधली एक कंपनी अर्ध्या फ्रेमचा उंची कॅमेरा पुन्हा बाजारात आणण्याच्या विचारात असल्याचं बोललं जातं. कंपनीचं नाव नव्हतं.

"सुझुमीच," चंद्रभान म्हणाला. "दुसरं कोण हाय?"

नागनाथनं त्या दोन ओळी चार वेळा वाचल्या. त्याचे कान लाल झाले. त्या दिवशी त्यानं एका पहिलवानाचा फोटो काढला तो कॅमेऱ्यात रोल न घालताच, आणि पहिलवानाला दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल लावून यावं लागलं.

मग जे सुरू झालं ते थांबेना. काच बदलता येईल का? येणारच. किती काचा निघतील? चंद्रभान तीन म्हणे, नागनाथ पाचावर अडलेला. कॅमेरा काळा असेल की चंदेरी? यावर दोघांचं भांडण झालं आणि एक क्रॉसिंग अबोल्यात गेलं. पुढच्या खेपेला चंद्रभाननं खिडकीतूनच ओरडून सांगितलं की दोन्ही रंगांत निघेल, आणि मिटलं.

आश्विनात तो आणखी एक मासिक घेऊन आला. त्यात जपानमधल्या कुठल्याशा प्रदर्शनाचा फोटो होता. काचेच्या कपाटात सुझुमीचे कॅमेरे मांडलेले आणि कोपऱ्यात कापडाखाली झाकलेलं काहीतरी. दोघं ते मासिक घेऊन गोजरबाईकडं गेले, कारण बारीक कामाचं भिंग तिच्याकडं होतं. ती बराच वेळ बघत राहिली. दोघं श्वास रोखून उभे.

"कापड हाय," ती म्हणाली.

"कापडाखाली काय हाय, वहिनी?" चंद्रभाननं विचारलं.

"ते कापड काढल्याबिगर कसं कळंल?" तिनं भिंग खाली ठेवलं. "दोन महिने झाले तुमी दोघं बोलायलाव. कंपनीला इचारा की सरळ."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. हे त्यांना सुचलंच नव्हतं.

पत्र इंग्रजीत लिहायला हवं होतं. शाळेत इंग्रजी शिकवणारे दिनकरराव नागनाथच्या ओळखीचे होते. त्यांनी व्याकरणाची एक चूक होऊ न देता पत्र लिहून दिलं. नागनाथनं काचा पाचच मागितल्या. गोजरबाईनं आपली मागणी घातली, की खटक्याचा आवाज कमी करा, तान्ही लेकरं दचकतात. दिनकरराव म्हणाले की नुसतं मागून भागणार नाही, या कॅमेऱ्यावर तुम्ही काय करता ते त्यांना दाखवा. मग ठरलं की एक अख्खा रोल पाठवायचा. एका दिवसात काढलेले बहात्तर फोटो, एका कागदावर छापून.

चंद्रभाननं सुट्टीचा दिवस काढला. दिवाळी नुकतीच झाली होती. तिघं सकाळी निघाले. पहिले वीस फोटो सेलूतच गेले. जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगावर उभं राहून हात हलवणारे हमाल, पांढऱ्याशुभ्र पापण्यांचा फोरमन, चहाच्या ग्लासातून दिसणारा रस्ता. नागनाथनं एक काढला की चंद्रभान एक काढायचा. कॅमेरा या हातातून त्या हातात नुसता नाचत होता. गोजरबाई आकडा मोजत होती.

तिथून ते एसटीनं देवगाव फाट्याला गेले. फाट्यावर ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या ट्रकची वाट बघत बसल्या होत्या. भांडी, गोधड्या, कोयते, टोपल्यांखाली कोंबड्या. कॅमेरा दिसल्यावर माणसं जवळ आली. त्यांत दगडाबाई नावाची एक धिप्पाड बाई होती, चाळिशीची. नागनाथनं आपला कॅमेरा अर्ध्या फ्रेमचा आहे असं कुणाला तरी सांगितलेलं तिनं ऐकलं.

"अर्धा म्हंजे? आमचं अर्धंच आंग येतंय का?"

गोजरबाईनं समजावून सांगितलं की माणूस पुरा येतो, फक्त फोटो लहान येतो. मग पाठोपाठ नव्या कॅमेऱ्याचीही सगळी हकिकत सांगितली. कापडापर्यंत. बायांचा घोळका मन लावून ऐकत राहिला. दगडाबाईनं विचार करून मत दिलं.

"काढतील ते. लेकरू लहान अस्तंय म्हणून त्याला कुणी कमी जेवू घालतंय का?"

नागनाथला हे इतकं पटलं की त्यानं ते वाक्य डायरीत लिहून घेतलं.

मग दगडाबाई गोधड्यांच्या गठ्ठ्यावर चढून उभी राहिली. एका हातात कोयता, दुसऱ्या काखेत कोंबडी. तिनं तोंड अगदी गंभीर केलं. नागनाथ नेम धरतोय तोच कोंबडी निसटली, तिच्या डोक्यावर चढली आणि पंख फडफडवायला लागली. दगडाबाई मागं रेलून अशी हसली की फाट्यावरची कुत्रीसुद्धा उठून उभी राहिली. खटका दाबला गेला. गोजरबाई म्हणाली, "एक्केचाळीस."

बहात्तरावा फोटो निघालेल्या पहिल्या ट्रकचा होता. रोल संपला असं समजून नागनाथ तो गुंडाळायला लागला, तर किल्ली अजून एकदा फिरली. शेवटाला एका फोटोची जागा उरली होती. तो कुणी काढायचा यावर दोघांची ओढाताण सुरू झाली. गोजरबाईनं कॅमेरा दोघांच्या हातातून काढून घेतला आणि भांडणाऱ्या त्या दोघांचाच फोटो काढला. तिनं आयुष्यात काढलेला तो पहिला फोटो. तो सगळ्यांत झकास आला.

पत्र आणि फोटोंचा कागद जपानला गेला. माघ उजाडला आणि एक दिवस पोस्टमन परदेशी तिकिटाचं पाकीट घेऊन स्टुडिओत आला. नागनाथनं ते फोडलं नाही. चंद्रभानची गाडी दुपारी होती. नागनाथ शाळेत गेला, दिनकररावांना मधल्या सुट्टीतून उचललं आणि प्लॅटफॉर्मवर आणून बसवलं. गोजरबाई ओल्या हातांनी मागून आली. गाडी लागली, चंद्रभान उतरला, आणि गार्डच्या डब्याशेजारी उभं राहून दिनकररावांनी पत्र मराठीत सांगायला सुरुवात केली.

आपल्या फोटोंचा कागद आमच्या आराखडे काढणाऱ्या खोलीत भिंतीवर लावला आहे. तेथील सर्वांनी तो पाहिला. एक्केचाळीस क्रमांकाचा फोटो आमच्या पुढील वर्षीच्या कॅलेंडरात छापण्याची परवानगी मिळावी. खटक्याच्या आवाजाबद्दलची सूचना विशेष आवडली. तथापि, आपण म्हणता तसा कॅमेरा काढण्याची आमची सध्या योजना नाही.

नागनाथ रुळांकडं बघत राहिला.

"सर," चंद्रभान म्हणाला, "ते शेवटचं परत वाचा."

दिनकररावांनी परत वाचलं.

"त्यात 'सध्या' हाय का? का तुमी तुमच्या पदरचं घातलंव?"

दिनकररावांनी चष्मा सारखा करून पाहिलं. शब्द होता. मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. ते म्हणाले, नुसतं 'योजना नाही' लिहिता आलं असतं. वाक्य पूर्ण होत होतं. शब्दाची गरज नसताना शहाणा माणूस तो घालत नाही.

"म्हंजे करायलेत," नागनाथ हळूच म्हणाला.

"करायलेत, पन सांगता येईना त्यांना," चंद्रभान म्हणाला. "कापड काढायचं न्हाई आत्ता."

एवढं झाल्यावर कुणाला राहवेना. चंद्रभाननं नागनाथला मिठी मारली, नागनाथनं दिनकररावांना मारली, दिनकरराव वर्गात कधी हसले नव्हते तसे हसले. समोरची गाडी येऊन गेलेली कुणाला कळलीच नाही. इंजिनानं लांब शिट्टी दिली तेव्हा चंद्रभान झेंडी घेऊन धावला आणि डब्याच्या पायरीवरून ओरडला की पुढच्या पत्रात काचा तीनच मागा, पाच मागून त्यांना घाबरवू नका.

परवानगीचं उत्तर मात्र नागनाथनं लगेच पाठवलं नाही. फोटो दगडाबाईचा होता, तिला विचारल्याशिवाय तो हो म्हणणार नव्हता. ती ऊसतोडीहून चैत्रात परत आली तेव्हा तो तिच्या गावी गेला. तिनं परवानगी दिली. अट एकच, की कोंबडी कापायची नाही, पुरी दाखवायची.

कॅलेंडर पुढच्या साली आलं. दगडाबाई ऑगस्टच्या पानावर होती, पानभर. फोटो इतका मोठा करूनही हसू तसंच खणखणीत होतं, आणि जे दाणे होते ते फाट्यावरची धूळच वाटत होती. नागनाथनं ते पान आबासाहेबांना दाखवायला नेलं. आबासाहेबांनी ते उजेडात धरून पुष्कळ वेळ पाहिलं, हा कोणत्या काचेचा फोटो म्हणून विचारलं आणि त्यानंतर अर्धा फोटोवाला हे नाव पुन्हा घेतलं नाही.

वैशाखात दगडाबाई कॅलेंडर बघायला आली ती घरची सोळा माणसं घेऊन. सगळ्यांनी नवे कपडे घातले होते. ऑगस्टच्या पानाखाली जपानी अक्षरात एक ओळ छापलेली होती. तिनं विचारलं, काय लिहिलंय. ते कुणालाच वाचता येत नव्हतं. चंद्रभान त्या दिवशी सुट्टीवर होता. त्यानं गंभीरपणे सांगितलं की बहुतेक नव्या कॅमेऱ्याची तारीख असेल. दगडाबाईनं ती ओळ बोटानं चाचपली आणि म्हणाली की मग तर बरंच झालं, तारीख आपल्याच पायाशी दिलीय.

त्या सोळा माणसांचे फोटो काढता काढता दुपार झाली. कोणी बसून, कोणी उभं राहून, नातू आजीच्या पदराआडून. स्टुडिओत हसण्याचा एवढा गलका झाला की रस्त्यावरची माणसं आत डोकावून जात होती.

तो कॅमेरा कधी आला नाही. सत्त्याऐंशी साली सुझुमीनं नवा कॅमेरा काढला खरा, पण तो नेहमीच्या फ्रेमचा, जाडजूड. नागनाथ आणि चंद्रभाननं त्यावरही चार महिने काढले. एवढं मोठं काम हातावेगळं झालं म्हणजे आता लहानाची पाळी, असं त्यांनी ठरवलं. जपानला आणखी तीन पत्रं गेली. प्रत्येकाला उत्तर आलं.

नव्वद साली चंद्रभान नोकरीतून मोकळा झाला आणि त्यानं पूर्णेचं बिऱ्हाड हलवून सेलूत नागनाथच्या गल्लीतच घर घेतलं. पहिल्याच सकाळी तो नऊ वाजता स्टुडिओत येऊन बसला. आज कुठली गाडी पकडायची नव्हती. बोलता बोलता बारा वाजले, एक वाजला. गोजरबाईनं दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा सरळ दोन ताटं वाढून बाहेर आणून ठेवली, आणि बसताना तिसरं आपलंही घेऊन बसली, कारण काचा तीन की पाच यावर तिलाही आता चार म्हणायचं होतं.